आधी लागणारा अ

रास्ता पेठेत, बॅटरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
साडेसहाला माझा वर्ग भरतो.
जिन्याच्या तोंडाशी घरमालकांची पाटी:
चपला येथे काढू नयेत.
चार पायऱ्या चढलं की दुसरी:
चपला घालून वर येऊ नये.
मुली चपला हातात घेऊन येतात.

सोळा जणी. वेल्ह्याच्या, भोरच्या, एक थेट दौंडहून.
दिवसभर कुणाच्या तरी म्हाताऱ्याचं अंथरूण बदलायचं,
संध्याकाळी नर्सिंगच्या परीक्षेचं इंग्रजी.
आज फळ्यावर एकच अक्षर काढलं. अ.
म्हटलं, हा ग्रीकांचा.
शब्दाच्या दारात उभा राहतो
आणि आतल्याला सांगतो, तू नाहीस.

ॲप्निया. श्वास नाही.
अफेझिया. वाचा नाही.
ॲनिमिया. रक्त नाही, म्हणजे पुरेसं नाही.
इथं थांबले, कारण पुढं स्वर आला
की ग्रीकांच्या जिभेला ठेच लागते,
मग मध्ये एक न घालतात,
डुगडुगत्या टेबलाखाली पुठ्ठा सारावा तसा.
अन्.
"आपल्यासारखंच की," खिडकीपाशी बसलेली इशरत म्हणाली,
"आदर, अनादर. इच्छा, अनिच्छा."
मी खडू खाली ठेवला.
बावीस वर्षं हाच धडा शिकवतेय,
त्यावर असं बोट कुणी ठेवलं नव्हतं.

मग वर्ग माझ्या हातात राहिला नाही.
अस्थमा? नाही, त्यातला अ त्याचा स्वतःचा,
त्याला नकार माहीत नाही.
आणि अमावास्या, मॅडम? शेवटच्या बाकावरून.
मलाही वाटायचं, चंद्र नाही म्हणून अ.
एकदा कोशात पाहिलं, तर
अमा म्हणजे सोबत.
सूर्य-चंद्र एका घरी मुक्कामाला असतात ती रात्र.
अंधार दिसला की आपणच
नाही वाचतो.

सगळे अ वाईट नसतात, मी म्हटलं.
असेप्सिस, कुजणं नाही;
त्याच्यासाठीच कोपरापर्यंत हात धुता.
असायलम म्हटलं की आपल्याला येरवडा आठवतो,
मुळात ती जागा
जिथून तुम्हाला कुणी ओढून नेऊ शकत नाही.
आपला अभय तिथंच, शेजारच्या खोलीत.

पेन खाली पडलं.
नकुशी ढेबे. वेल्हे. चौथी मुलगी.
हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन
(मागच्या महिन्यात सगळ्यांचं मोजलं,
अर्धा वर्ग फळ्यावरचा तिसरा शब्द निघाला).
"मॅडम, माझ्यात तर न पयलाच हाय."

कुणी हसलं नाही.
मी घाईघाईनं म्हटलं, नाव बदलता येतं,
अर्ज असतो, फार खर्च नाही.
"बदललं व्हतं. शिबिरात. ऐश्वर्या.
कुनी हाक मारली की मी दुसरीकडं बघायची."

मग तीच उठली. फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं,
डस्टर नाही घेतलं, बोटानंच
पहिलं अक्षर पुसलं.

कुशी.

खाली कुणीतरी बॅटरी तपासायला
हॉर्न वाजवून पाहत होतं, थांबून थांबून.
ती जरा वेळ बघत राहिली, मान वाकडी करून,
भांड्याला नवा कान बसवल्यावर बघतात तशी.
मग न परत लिहिला, पहिल्यापेक्षा थोडा ठळक.
"फारमवर असंच हाय," म्हणाली.
"पुढचा शब्द घ्या, आठ-धाची यष्टी हाय माझी."

ॲनेस्थेशिया, मी म्हटलं.
जाणीव नाही.
तिनं वहीत उतरवून घेतलं.
त्या पानावर खडूच्या बोटाचा ठसा
मला इथून दिसत होता.